दुसऱ्या राउंडचे गुण

परदेशातल्या एका स्पर्धेत मी एका मुलीला हरवलं. मी रिंगमध्ये उतरले नव्हते. रिंगच्या खाली खुर्चीवर पांढरा शर्ट घालून बसले होते. मी जज होते.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. घरी शेती, आणि शिकायला मिळालेली घरातली पहिली मुलगी मी. बारावीनंतर नांदेडला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेले, ते पुढे कुठल्यातरी शाळेत नोकरी लागेल म्हणून. तिथं मुलींच्या बॉक्सिंगच्या संघात एक वजनगट रिकामा होता. सरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "बसतंय." तेवढ्यावर मी बॉक्सर झाले. दोन वर्षं खेळले आणि बहुतेक वेळा हरले. पण एक गोष्ट मला येत होती. लढत संपली की रेफरीनं हात उचलायच्या आधीच निकाल मला माहीत असायचा. माझा स्वतःचा असला तरी. एकदा मी सरांना म्हणाले, "सर, मी एका राउंडनं हरले." निकाल नेमका तसाच लागला. सर हसले. "तुझ्या हातापेक्षा तुझे डोळे बरे हायत," म्हणाले.

लातूरला शाळेत लागल्यावर खेळणं सुटलं, डोळे राहिले. आधी जिल्ह्याच्या, मग राज्याच्या स्पर्धांना जज म्हणून जाऊ लागले. परीक्षा दिल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक लग्नांना जायचे आणि मी कुठल्या तरी अनोळखी गावी, कापडी पडदे लावलेल्या सभागृहात, रिंगच्या कडेला बसलेली असायचे. नवरा बँकेत, तो म्हणायचा, "तुला ह्यातून काय मिळतं?" तीन राउंड नीट बघायचे आणि बरोबर सांगायचं, एवढंच मला आवडायचं. शेवटी आंतरराष्ट्रीय परीक्षाही पास झाले. पहिल्या दोन स्पर्धा चांगल्या गेल्या. मी सांगतेय ती तिसरी.

जजचं काम सोपं आहे, निदान सांगायला. प्रत्येक राउंडनंतर जी सरस खेळली तिला दहा गुण, दुसरीला नऊ. समोर एक छोटं यंत्र असतं, त्यावर लाल कोपऱ्याचं आणि निळ्या कोपऱ्याचं बटण. घंटा झाली की थोडेच सेकंद मिळतात. रिंगभोवती पाच जण बसतो, कुणाला कुणाचं दिसत नाही. पाचातले तीन जिच्या बाजूनं, ती जिंकली. आपल्या देशाची खेळाडू असेल त्या लढतीला आपण बसायचं नाही, हा नियम. त्यामुळे दुसऱ्यांच्या मुली आपल्या हातात येतात आणि आपल्या मुली दुसऱ्यांच्या. नियम न्यायासाठीच केलेला आहे. देवाणघेवाण चालते तीही त्याच नियमाच्या आधारानं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसले होते, तेव्हा कळलं. आपल्या पथकाबरोबर आलेले एक पदाधिकारी ताट घेऊन माझ्या टेबलाशी आले. मराठीच, पण पश्चिम महाराष्ट्राकडचे. तोवर ते माझ्याशी 'नमस्कार'च्या पुढे काही बोलले नव्हते.

"मॅडम, जेवण जमतंय ना इथलं?"

"जमतंय सर."

ते पावाला लोणी लावत होते, अगदी कडेपर्यंत. लावता लावता म्हणाले, "उद्या आपल्या मुलीची सेमीफायनल आहे. माहितीय ना?"

"हो."

"पदक पक्कंय, पण रंग उद्या ठरेल. अवघड आहे. जजमध्ये यजमानांच्या गोटातले दोघे तरी असणार." मग एक घास खाऊन म्हणाले, "आज दुपारी तिसऱ्या लढतीला तुम्ही बसणार आहात. यजमानांची मुलगी आहे. लाल कोपऱ्यात."

मी म्हणाले, "सर, जजची नावं तर लढतीच्या आधी कॉम्प्युटर काढतो."

"काढतो ना," ते म्हणाले. "लढत जवळची होईल, मॅडम. जवळची झाली की बघा तेवढं."

"आणि जवळची नाही झाली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धमकी नव्हती. नवख्या माणसाला रस्ता दाखवताना असतो तसा चेहरा होता. "बॉक्सिंगमध्ये सगळं जवळचंच असतं," म्हणाले आणि चहा आणायला उठले.

मी 'हो' म्हणाले नाही. 'नाही'ही म्हणाले नाही. पुढे कित्येक महिने मी हे स्वतःला सांगत राहिले, जणू त्यात काही होतं.

दुपारी यादी लागली. तिसऱ्या लढतीला मी होते, दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर. खुर्चीवर बसताना घाबरेन असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी यंत्राचा पडदा रुमालानं पुसला.

निळ्या कोपऱ्यातली मुलगी एका लहानशा देशाची होती. तिच्याबरोबर एकच प्रशिक्षक होता, तोच पाणी देत होता, तोच टॉवेल धरत होता. लाल कोपऱ्याच्या मागे चौघं जण, आणि त्यांच्या मागे सगळं सभागृह. निळी बुटकी होती. तिला आत शिरून मारावं लागत होतं, आणि ती शिरत होती. पहिल्या राउंडला तिनं लालचा डावा हात दर वेळी खालून चुकवला आणि पोटावर, मग तोंडावर असे जोडीनं ठोसे टाकले. लालचे ठोसे हातमोज्यांवर पडत होते. प्रत्येक ठोशाला सभागृह ओरडत होतं. घंटा झाली. मी निळं बटण दाबलं.

दुसरा राउंड थोडा कमी सरळ गेला. लाल सावध झाली होती, लांबून खेळत होती. तरी चांगले ठोसे मोजले तर निळीचे जास्त होते. मला शंका नव्हती. घंटा झाली. मी लाल दाबलं.

बोट उचललं तेव्हा मी स्वतःकडे परक्या कुणाकडे पाहावं तसं पाहिलं. काही झालं नव्हतं. पडद्यावर 'नोंद झाली' असा हिरवा ठिपका आला. निळ्या कोपऱ्यात तो प्रशिक्षक गुडघ्यावर बसून मुलीला काही सांगत होता, ती मान हलवत होती.

तिसरा राउंड तिचाच होता. हे सभागृहालाही कळलं असावं, कारण आवाज खाली आला होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात लाल नुसती दोरांना टेकून उभी होती. मी पुन्हा लाल दाबलं. दुसऱ्या वेळी तर विचारही करावा लागला नाही.

दोघी रिंगच्या मधोमध रेफरीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. निळीनं हात स्वतःच थोडा वर नेला होता, रेफरीचं काम हलकं करावं तसा. तीन विरुद्ध दोन असा निकाल पुकारला गेला आणि दुसऱ्या बाजूचा हात वर गेला. तिचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. मग तिनं तो खाली घेतला. ती रडली नाही. आम्हा पाच जणांकडे एकेक करून पाहिलं आणि वाकून दोरांमधून बाहेर पडली. तिचा प्रशिक्षक टेबलाशी जाऊन ओरडत होता. त्याला कुणीतरी एक छापील कागद भरायला दिला. संध्याकाळी कळलं, त्यांची तक्रार फेटाळली.

त्यानंतर मी आणखी दोन लढतींना बसले, दोन्ही बरोबर दिल्या. जेवले. भात होता, मासा होता, मी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीची सेमीफायनल मी प्रेक्षकांत बसून पाहिली. ती तीन-दोननं जिंकली. आपले लोक उभे राहून नाचले, त्या पदाधिकाऱ्यांनी लांबूनच मला हात केला. मीही टाळ्या वाजवल्या. ती खरंच जिंकली होती का, हे मला आजही सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खी लढत मनात गुण न देता पाहिली. फायनलला ती हरली. तरी रौप्यपदक होतं. पोरीनं जीव तोडून मेहनत केली होती, आणि तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, एवढं मात्र मी खात्रीनं सांगते.

परत येताना हैदराबादपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे. मुदखेड गेल्यावर नवऱ्याचा फोन आला, "स्टेशनवर लोक आलेत बरं का, जरा केस नीट कर." नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर क्रीडाशिक्षक मंडळी हार घेऊन उभी होती. हलगी होती. तिथून एका सभागृहात नेऊन सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. वक्ते म्हणाले, मराठवाड्याची लेक जगाला न्याय देऊन आली. माझे जुने सर पहिल्या रांगेत बसले होते, म्हातारे झालेले, कानाला हात लावून ऐकत होते. मला बोलायला उभं केलं. मी नियमांबद्दल बोलले. दहा गुण कुणाला, नऊ कुणाला, काय पाहायचं, काय पाहायचं नाही. सगळं बरोबर सांगितलं.

शाळा सुरू झाली. एक दिवस मधल्या सुट्टीत आमचे गणिताचे सर मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, हे तुम्ही गेल्ता तिथलंच हाय का बघा. सगळीकडं फिरायलंय."

त्यांनी फोन पुढे धरला. निळ्या मुलीचे ठोसे सावकाश करून दाखवले होते. पोटावर, तोंडावर, पोटावर. मग निकाल, आणि तिचा अर्ध्यावर राहिलेला हात.

"कसं लुटलं हो लेकराला," सर म्हणाले. "ह्या जज लोकांच्या घरी पोरीबाळी न्हाईत का?"

चित्र जरा सरकलं आणि कोपऱ्यात माझी पाठ दिसली. पांढरा शर्ट, अंबाडा.

"ही बाई मागून तुमच्यासारखीच दिसती," असं म्हणून सर हसले आणि फोन पुढच्या टेबलावर घेऊन गेले.

मी डबा उघडलेला होता. मी जेवत राहिले. मला घाबरायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती. दाढेचं इंजेक्शन घेतल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं काहीसं होतं. ते बरेच दिवस उतरलं नाही. घरातली कामं होत होती, शाळेतले तास होत होते. नवऱ्यानं एकदोनदा विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" मी बरी आहे म्हणाले, आणि बरीच होते.

मग बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडून ईमेल आली. प्रत्येक स्पर्धेनंतर जजचं मूल्यमापन होतं. आपले गुण किती वेळा बहुमताशी जुळले, त्यावरून ते ठरतं. माझा शेरा 'उत्तम' होता. वरच्या श्रेणीच्या परीक्षेला बसायला मी पात्र ठरले होते. त्या लढतीत निळीच्या बाजूनं गुण देणाऱ्या दोन जजचा शेरा काय आला असेल, हे मी बराच वेळ मनात धरून बसले.

दिवाळीला माहेरी गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर सूप घेऊन हरभऱ्याचं बी निवडत होते. मी शेजारी बसून खडे काढू लागले. अण्णा तरुणपणी पहिलवान होते, आणि नंतर कितीतरी वर्षं आसपासच्या जत्रांमधल्या कुस्त्यांना पंच म्हणून उभे राहायचे. पंच म्हणून त्यांचा शब्द मानायचे लोक. माझ्या फेट्यातला फोटो त्यांनी देवघराशेजारी लावला होता.

मी हरभऱ्याकडे बघत सगळं सांगितलं. नाश्ता, खुर्ची, दुसरा राउंड, तिसरा राउंड. अण्णांचे हात थांबले नाहीत.

एक खडा बाजूला टाकत म्हणाले, "मी बी दिलीय तशी एक."

मी वर पाहिलं.

"शेजारच्या गावच्या जत्रत. त्यांच्या पोराची पाठ मातीला लागली होती, चांगली लागली होती. मी बघितलं. पर त्यांचा सरपंच कडंला उभा, आन आपल्या गावच्या पाण्याच्या पाटाचा निकाल त्याच्या हातात. मी म्हनलं, न्हाई लागली. कुस्ती सोडवून दिली बरोबरीत."

"मग?"

"मग काय. ते दुसरं पोरगं उठलं. कपडे घातले आन गेलं. मी घरी आलो, भाकर खाल्ली."

"वाईट नाही वाटलं, अण्णा?"

त्यांनी सूप झटकलं. "वाटंल वाटंल म्हणून लई दिवस वाट बघितली, माय. न्हाई वाटलं." मग म्हणाले, "तेच वाईट वाटतंय आता."

आई आतून चहाला हाका मारत होती. अण्णा उठताना म्हणाले, "त्या पोरीला माहिती हाय का, तू कोण ते?"

"नाही. तिला कसं माहीत असणार?"

"हं," म्हणाले आणि आत गेले.

लातूरला परत आल्यावर मी आधी संघटनेला लिहिलं. अमक्या लढतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला मी जाणूनबुजून चुकीचे गुण दिले, असं. कुणाचं नाव घातलं नाही, माझंच घातलं. महिनाभरानं दोन ओळींचं उत्तर आलं: लढतीबद्दल तक्रारीची मुदत संपली आहे, निकाल कायम आहे, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. त्याच आठवड्यात त्या पदाधिकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, हे लिहायची काय गरज होती?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला कुणी काही करायला सांगितलं होतं का? मी सांगितलं होतं का?"

"नाही सर," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं.

"उद्या कुणी म्हणेल, ह्यांचं रौप्यपदक पण असंच. त्या पोरीचा विचार केला का तुम्ही?"

तो मी केला होता. तरी लिहिलं होतं. ते दमलेल्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. सांभाळा," आणि फोन ठेवला. जजच्या पुढच्या यादीत माझं नाव नव्हतं. काढल्याचं पत्रही आलं नाही.

निळ्या मुलीला शोधणं अवघड गेलं नाही. तिचा फोटो, तिचं पान फोनवर होतं. मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, कुणाकडून तपासून न घेता, चुका असतील तर असू देत म्हणून. 'त्या लढतीत मी जज होते. मी तुझ्याविरुद्ध गुण दिले. ते चुकीचे होते आणि मला माहीत होतं. तू जिंकली होतीस.' क्षमा हा शब्द लिहिला, खोडला, परत लिहिला.

खूप दिवस काहीच आलं नाही. मग एका सकाळी, शाळेच्या स्टाफरूममध्ये हजेरीपट भरत असताना उत्तर दिसलं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं होतं.

'तिघांनी दिलं होतं. तुम्ही त्यातल्या कोण?'

मी लिहिलं, 'दुसऱ्या खुर्चीवरची. भारताची.'

उत्तर लगेच आलं, म्हणजे ती तिकडे फोन हातात धरून बसली असणार. 'चष्म्याची बाई? तुम्ही मला आठवता. पहिल्या राउंडला तुम्ही माझे हात फार नीट बघत होता. मी नंतर घरी आईला सांगितलं होतं, दोघांनी मला दिलं त्यातली एक ती बाई असणार.'

मी काय लिहावं ते शोधत होते, तोवर आणखी एक ओळ आली. 'मी अजून खेळते. आता परत लिहू नका.'

मी फोन पालथा ठेवला. आठवीचा तास होता. शिपाई घंटा देऊन गेला, तरी मी बसून राहिले. गणिताच्या सरांनी विचारलं, "मॅडम, तास न्हाई का?" तेव्हा उठले. मैदानाच्या पायऱ्या उतरताना मी मधल्याच पायरीवर खाली बसले. मुली पळत आल्या, कुणी पाणी आणलं. ऊन लागलं असेल, म्हणाल्या. मी हो म्हणाले. थोडं रडूही आलं, फार नाही, आणि मुलींसमोर ते लगेच थांबलं. मग त्यांना रांगेत उभं केलं आणि कवायत घेतली.

मी तिला परत लिहिलं नाही. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धांना अजून बोलावणं येतं. लातूरला असो, नांदेडला असो, मी जाते, पण वेळ लावायच्या टेबलावर बसते. राउंड सुरू करायचा, संपवायचा, घंटा वाजवायची. लढत बघते. कोण जिंकतंय ते कळतं, पूर्वीसारखंच, रेफरीनं हात उचलायच्या आधी. कुणी विचारत नाही.